मोटरहोमच्या आतल्या बॅटऱ्या : सोलापूरच्या उन्हात कोणती टिकते, कोणती फुगते

सोलापुरात बॅटरीच्या दुकानात जाऊन 'व्हॅनच्या आतल्या लाइट, पंखा आणि फ्रीजसाठी बॅटरी हवी' असं सांगितलं, की बहुतेक ठिकाणी दीडशे एएचची (अँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचं माप), घरगुती इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर (नळ्यांच्या प्लेटची बॅटरी) पुढे येते. दुकानदाराचं चुकतं असं नाही. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक लोडशेडिंगसाठी आलेलं असतं. पण मोटरहोमची, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या व्हॅनची, आतली बॅटरी हे प्रकरण वेगळं आहे. ती हलते, माणसं झोपतात त्याच खोलीत बसते, रोज खोलवर उतरते आणि एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत पत्र्याच्या डब्यात भाजते. जुनी बॅटरी बसली म्हणून तशीच नवी आणून ठेवली, तर जुनी ज्या कारणाने बसली त्याच कारणाने नवीही बसणार.

सध्या इथे सहज मिळणारे पर्याय चार : उंच ट्यूब्युलर, एसएमएफ (पाणी न टाकावी लागणारी सीलबंद), ई-रिक्षाची ट्यूब्युलर, या तिन्ही लेड-ॲसिड, म्हणजे शिसं आणि ॲसिडच्या, आणि चौथी लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. निकाल आधीच सांगतो. फ्रीज असलेल्या आणि महिन्यातून दोन-चार मुक्काम करणाऱ्या व्हॅनला २०० एएच लिथियम आणि सोबत ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या इंजिनवरून ठरावीक करंटने आतली बॅटरी भरणारं यंत्र). हात आखडता असेल तर ई-रिक्षाच्या दोन बॅटऱ्या, हवाबंद नसलेल्या पेटीत. एसएमएफ घेऊ नका. उंच ट्यूब्युलर घराच्या जिन्याखालीच बरी.

दुकानात जाण्याआधी एक हिशेब मांडा. ४०-४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना चार अँपिअरच्या आसपास खातो. मे महिन्यात व्हॅन तापलेली असताना कॉम्प्रेसर दोन तृतीयांश वेळ चालूच असतो, म्हणजे चोवीस तासांत ६५ एएच. दोन डीसी पंखे, प्रत्येकी दोन अँपिअर, रात्रीचे दहा तास : ४० एएच. एलईडी ६, पाण्याचा पंप २, मोबाइल-लॅपटॉप १२. बेरीज १२५ एएच. डिसेंबरात पंखे बंद, फ्रीजही ३५ वर येतो, मग सगळं मिळून ५५ मध्ये भागतं. हिवाळ्यात 'मस्त चालते' म्हणून वाखाणलेली बॅटरी मेमध्ये पहाटे तीनला मान टाकते ती एवढ्याचसाठी. हिशेब मेचा धरायचा.

लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून १२५ एएचला २५० एएचची बँक, म्हणजे जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, लागते. बाजारात मिळणाऱ्या मापात १५० च्या दोन. ॲसिडसह एकेक पन्नास-पंचावन्न किलोची. लिथियम ८० टक्के बिनधास्त वापरता येते, २०० एएचमधून १६० हाती लागतात आणि वजन पंचवीस किलोच्या आत-बाहेर. ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा हा फरक चेसीवर, स्प्रिंगवर आणि डिझेलवरही पडतो.

एसीबद्दल दोनच वाक्यं. छोटा इन्व्हर्टर एसी ८०० वॅट खातो, म्हणजे १२ व्होल्टवर सत्तर अँपिअरच्या पुढे, आणि २०० एएच लिथियम दोन-सव्वादोन तासांत संपते. रात्रभर एसी हवा असेल तर ४८ व्होल्टची मोठी यंत्रणा किंवा बाहेरचा २३० व्होल्टचा पॉइंट, हे काम या बॅटऱ्यांचं नाही.

आता एकेकीकडे बघू.

उंच ट्यूब्युलर ही बॅटरी म्हणून वाईट नाही. घरात एका जागी उभी राहून पाच वर्षं ती गुपचूप काम करते. अडचण व्हॅनमध्ये सुरू होते. उंची चाळीस सेंटिमीटरच्या वर, त्यामुळे सीटखाली बसत नाही. आतले प्लेटचे लांब खांब खड्ड्यांतल्या हादऱ्यांसाठी बनवलेले नाहीत. आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन जमला की ठिणगीला निमित्त पुरतं. झोपायच्या जागेखाली, बंद प्लायवूडच्या खोक्यात ही बॅटरी बसवलेली दिसली तर ते काम करणाऱ्याला पुढचं काम देऊ नका. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ती जास्त चार्ज होतेय. दारं-खिडक्या उघडा, चार्जर बंद करा, मग कारण शोधत बसा.

एसएमएफचं आकर्षण म्हणजे पाणी टाकायला नको. यूपीएससाठी उत्तम, कारण तिथे ती एसीच्या खोलीत भरलेली बसून असते आणि क्वचितच उतरते. आपल्याकडे नेमकं उलटं. लेड-ॲसिडचं आयुष्य दर आठ-दहा अंशांनी साधारण निम्मं होतं, हा ढोबळ नियम इथे पुरेपूर लागू पडतो. उष्णतेने आतलं पाणी व्हॉल्व्हमधून निघून जातं, आणि झाकण सील असल्यामुळे ते परत भरता येत नाही. पाणी कमी, म्हणून अंतर्गत विरोध जास्त, म्हणून उष्णता आणखी. शेवटी पोट फुगतं. फुगलेली एसएमएफ चार्ज करून बघण्याच्या भानगडीत पडू नये, ती संपली. 'डीप सायकल' (रोज खोलवर उतरवायची) असं छापलेली महाग एजीएम (काचेच्या चटईत ॲसिड शोषलेली सीलबंद बॅटरी) थोडी जास्त तग धरते, पण त्या पैशात लिथियमच्या जवळ पोचता येतं. मग का?

ई-रिक्षाची बॅटरी हा या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. तिचं सगळं आयुष्य हलत्या गाडीत आणि रोज उतरण्यात जातं, बनवलीच त्यासाठी. रिक्षात चारचा ४८ व्होल्टचा सेट असतो. आपल्याला दोन घेऊन पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडायच्या. एकेक पस्तीस-चाळीस किलो, उंची घरगुतीपेक्षा कमी, आणि बंद पडली तर तालुक्याच्या गावीही बदली मिळण्याची शक्यता चांगली. रिक्षात रोज तळ गाठून ती वर्ष-दीड वर्षात थकते. व्हॅनमध्ये निम्म्यावर थांबवली तर त्याहून बरीच जास्त चालते. किंमत म्हणून तिची बाजू भक्कम आहे. अट एकच, पाणी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून पातळी बघायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. सोलापूरच्या बोअरचं पाणी किती जड आहे हे घरातल्या गिझरच्या कॉइलवर दिसतंच. तेच क्षार प्लेटवर बसतात. आरओचं पाणीही चालत नाही. आणि पातळी कमी झाली म्हणून वरून ॲसिड घालणारा 'जाणकार' भेटला तर त्याच्या हातातून कॅन काढून घ्या. बाष्प होऊन जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

पेटीला वरच्या कडेला बाहेर जाणारी अर्ध्या इंचाची नळी, खालच्या बाजूला हवा आत यायला एक भोक. हायड्रोजन हलका, तो वरूनच जाणार. रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), फ्यूज, इन्व्हर्टर यातलं काहीही त्या पेटीत ठेवायचं नाही.

लेड-ॲसिड घेताना दुकानातच करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या कराच. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना बघा. चार महिन्यांहून जास्त शेल्फवर न चार्ज होता पडलेली असेल तर आत सल्फेट जमायला लागलेलं असतं. मल्टिमीटर लावा : १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर दुसरी मागा. मग हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी. सहाही सेलची झाकणं काढून बघायचं, एकाच सेलचं नाही. पूर्ण चार्ज इन्व्हर्टर ट्यूब्युलरमध्ये १.२४० च्या आसपास आकडा येतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सहा सेलमध्ये ०.०२५ पेक्षा जास्त फरक नको. एक सेल मागे असलेली बॅटरी आज चालेल, सहा महिन्यांनी तोच सेल बाकीच्या पाचांना घेऊन बुडेल. लेबलवर सी१० की सी२० हेही वाचा. १५० एएच सी२० म्हणजे साडेसात अँपिअरने वीस तास. त्याच १५० वर सी१० लिहिलं असेल तर पंधरा अँपिअरने दहा तास, म्हणजे ती प्रत्यक्षात मोठी बॅटरी. दोन दुकानांचे भाव तोलताना हा फरक सुटतो.

लिथियमकडे वळताना पहिली गोष्ट : सारख्या एएचला ती लेड-ॲसिडच्या दुप्पट-तिप्पट पडते, पण वापरता येणाऱ्या एएचवर भाग दिला की फरक बराच उतरतो. जुनं कोटेशन हाती असेल तर कर तपासा. सप्टेंबर २०२५ पर्यंत लेड-ॲसिडवर २८ टक्के जीएसटी होता, आता दोन्हींवर १८.

या बाजारात नावापेक्षा वजन जास्त बोलतं. १०० एएचच्या पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे चार सेल असतात, एकेक दोन किलोच्या आसपास. वरून डबा, बीएमएस (सेल सांभाळणारं, गरज पडली तर पॅक बंद करणारं सर्किट), तारा. सगळं मिळून दहा ते तेरा किलो भरायला हवं. काट्यावर सात किलो भरली तर आत १०० एएच नाही, मग स्टिकर काहीही म्हणो. सेल उघडे दाखवत असतील तर वरचा क्यूआर कोड खरवडलेला आहे का बघा. खरवडलेला कोड म्हणजे बहुधा कुठल्या तरी जुन्या पॅकमधून काढलेला माल. बीएमएसचा सततचा करंट विचारा, 'पीक' नको. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टला शंभर अँपिअरपर्यंत ओढतो, त्यामुळे ६० अँपिअरचं बीएमएस मिक्सर लावल्यावर धाडकन बंद होईल आणि दोष इन्व्हर्टरवर जाईल.

खरी परीक्षा घरी, आणि ती स्वस्तात होते. पॅक पूर्ण चार्ज करा. गाडीच्या हेडलाइटचे दोन एच४ बल्ब, ५५ वॅटचं फिलामेंट, पॅरलल जोडा. पॅकच्या व्होल्टेजला दोन्ही मिळून साडेनऊ ते दहा अँपिअर घेतात. बल्ब प्लास्टिकपासून लांब, स्टीलच्या परातीत ठेवा, काच चांगलीच तापते. डीसी क्लॅम्प मीटरने करंट बघा (साधा एसी क्लॅम्प शून्य दाखवेल), वेळ लिहा आणि बीएमएस बंद करेपर्यंत चालू द्या. करंट गुणिले तास. १०० एएचला साडेनऊ ते दहा तास आले तर माल खरा. आठ तासांत अंधार झाला तर बिल घेऊन परत दुकानात. ही परीक्षा पहिल्या आठवड्यात करायची. सहा महिन्यांनी केली तर दुकानदार तुमच्या चार्जरला दोष देईल, आणि त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड जाईल.

२०० चा एकच पॅक घ्यावा की १०० चे दोन? दोन. सीटखालच्या दोन कोपऱ्यांत बसतात, एकट्याने उचलता येतात, आणि एकाचं बीएमएस रुसलं तरी फ्रीज चालू राहतो. पॅरलल जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करा, नाहीतर जोडताक्षणी भरलेला पॅक रिकाम्यात जोराने ओततो. प्लस पहिल्याचा, मायनस दुसऱ्याचा, असं तिरकं काढलं की दोघांवर भार सारखा पडतो. नवी जुनीला जोडू नका, लिथियम लेड-ॲसिडला तर नाहीच.

लिथियमला उन्हाचा काहीच त्रास होत नाही हा गैरसमज आहे. ही जात पेट घेण्याच्या बाबतीत इतर लिथियमपेक्षा खूप शांत, हे खरं. पण बहुतेक बीएमएस ५५ ते ६० अंशांना चार्जिंग थांबवतात. मेमध्ये दुपारी दोनला, सावली नसलेल्या जागेत उभ्या व्हॅनच्या पत्र्यालगतच्या कपाटात तेवढं तापमान सहज होतं. 'सोलर चालू दिसतंय, पण बॅटरी चार्ज होईना' ही तक्रार दुपारचीच असते आणि संध्याकाळी आपोआप मिटते. बॅटरी नादुरुस्त नसते, ती स्वतःला वाचवत असते. उपाय जागेचा : पत्र्याला टेकलेली नको, सायलेन्सरच्या बाजूला नको, जमिनीलगत, दोन्ही बाजूंनी हवा फिरेल अशी. खडखडाट नको म्हणून तिच्याभोवती घडी करून कोंबलेली सोलापुरी चादर हौसेने दिसते. काढून टाका, पट्ट्याने बांधा. सोलर कंट्रोलरवर चार्जिंग १४.६ व्होल्टऐवजी १४.२ आणि फ्लोट (भरल्यावर राखायचं व्होल्टेज) १३.५ ठेवलं तर क्षमतेत नगण्य फरक पडतो आणि सेलवरचा ताण कमी होतो. व्हॅन महिनाभर उभी राहणार असेल तर लिथियम ५०-६० टक्क्यांवर सोडा, लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून. लडाख-स्पितीचा बेत असेल तर उलटी काळजी : शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते, तेव्हा बीएमएसला थंडीचा कटऑफ आहे का ते विचारा.

बॅटरी बदलून चार्जिंग जुनंच ठेवणं, सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जुन्या व्हॅनमध्ये इंजिनची बॅटरी आणि आतली बॅटरी यांच्यात एक साधा रिले असतो. लेड-ॲसिडला तो पुरतो. लिथियमचा अंतर्गत विरोध इतका कमी की रिकामी असताना ती अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरणारा जनरेटर) मिळेल तेवढं ओढत राहते. अल्टरनेटर तासभर पूर्ण भारावर चालण्यासाठी बनलेला नसतो, वाइंडिंग तापतं. त्यातच बीएमएसने मध्येच कनेक्शन तोडलं तर व्होल्टेजचा झटका डायोडमध्ये जातो. म्हणून डीसी-डीसी चार्जर हवा, तो करंट ३० वर बांधून ठेवतो. व्हिक्ट्रॉनचा ओरियन ही त्यातली ओळखीची मालिका. हे यंत्र परवडत नसेल तर लिथियम परवडत नाही असं समजा आणि ई-रिक्षावाल्या बॅटरीकडे जा.

३० अँपिअर म्हणजे रस्त्यावर किती? सोलापूर-तुळजापूर पाऊण-एक तास : २५-३० एएच. पंढरपूर दीड तास : ४५. विजयपूर दोन तास : ६०. म्हणजे जवळच्या देवदर्शनाला जाऊन-येऊन बॅटरी रिकामीची भरलेली होईल ही आशा ठेवू नका. भर सोलरवर हवा. छतावरचा ४०० वॅटचा पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतो, ११५ एएच धरा. मेमधला खर्च जवळजवळ तिथेच भागतो, एवढं मात्र सोलापूरच्या उन्हाचं उपकार मानण्यासारखं.

कसोटी लागते आषाढीला. पंढरपुरात ६५ एकरात, वारकऱ्यांच्या तळावर, किंवा गावाबाहेर कुठे तीन दिवस व्हॅन एकाच जागी, आभाळ भरलेलं. खर्च थोडा कमी, रोज ११० धरला तर तीन दिवसांचे ३३०. ढगाळ हवेत पॅनल तिसऱ्या हिश्श्यावर आला तर रोज ४०, एकूण १२०. तूट २१०, आणि बॅटरीतून सुखाने काढता येतात १६०. उरलेल्या ५० साठी उभ्या गाडीचं इंजिन चालवत बसू नका. आयडलिंगला अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, तो तापतोच, आणि शेजारच्या दिंडीतल्या लोकांच्या नाकात धूर. मठात किंवा ओळखीच्या घरी २३० व्होल्टचा पॉइंट मिळाला तर २० अँपिअरचा लिथियम चार्जर अडीच तासांत ५० भरतो. घरगुती लेड-ॲसिडचा जुना चार्जर त्यासाठी नको. काहींचं इक्वलायझिंग (सगळे सेल सारखे भरण्यासाठीचं जादा चार्जिंग) १५ व्होल्टच्या वर जातं.

वायरिंगचे चार आकडे. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, लांबी दीड मीटरच्या आत. डीसी-डीसीला पुढून मागे सहा मीटर जायचं तर १६ चौरस मिलिमीटर. १० ची टाकली तर जाऊन-येऊन सहा दशांश व्होल्टच्या वर वाटेतच जातो. थिंबल (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबलेलं हवं, हातोडीने ठोकलेलं नव्हे. ओढून बघा, वळवून बघा, आणि पूर्ण भारावर दहा मिनिटांनी हात लावा : केबल कोमट चालेल, थिंबल चटका देत असेल तर जोड खराब. मुख्य फ्यूज प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. लिथियमचा शॉर्ट हजारो अँपिअरचा असतो, तिथे टी क्लासचा फ्यूज लावा. स्वस्त फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालू ठेवू शकतो.

लिथियमला व्होल्टमीटरवर विसंबू नका. १३.२ व्होल्ट चाळीस टक्क्यांनाही दिसतो आणि पासष्टलाही. शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा, लागतो, मायनसच्या वाटेवर. बसवणारा हमखास करतो ती चूक : इन्व्हर्टरचा मायनस थेट बॅटरीवर जोडतो, मग मिक्सर-लॅपटॉपचा खर्च मोजलाच जात नाही आणि स्क्रीनवर ८० टक्के दिसत असताना दिवे जातात. बॅटरीच्या मायनसवर शंटची एकच केबल, बाकी सगळं शंटच्या पलीकडे.

वॉरंटी वाचताना '३६+१८' सारखे आकडे फोडून बघा. पहिल्या ३६ महिन्यांत फुकट बदली, पुढच्या १८ मध्ये सवलतीत. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत वापरली तर दावा नाकारला जाऊ शकतो, तेव्हा कार्डावर वापराचा प्रकार काय लिहिलाय ते पैसे देण्याआधी बघा आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. लिथियमच्या बाबतीत विचारायचं ते वेगळं : बिघडली तर सोलापुरात कोणी उघडतं, की खोकं पुण्या-मुंबईला जाणार? जाणार असेल तर कुरिअरचा खर्च कोणाचा आणि तोवर बदली पॅक मिळतो का?

जुनी बॅटरी एक्स्चेंजला देताना 'एवढे कमी करतो' यावर न थांबता काट्यावर ठेवायला सांगा. शिशाची भंगार किंमत किलोवर ठरते आणि दोन ट्यूब्युलरचं वजन शंभर किलोंच्या वर जातं. वजन कमी पडावं म्हणून ॲसिड गटारात ओतून द्यायला कोणी सांगितलं तर देऊ नका. बॅटरी भरलेली, उभी, झाकणं घट्ट लावून, टर्मिनलवर चिकटपट्टी मारून द्यायची.